गोळा कुनी केलं?

हातात आलेला कुठलाही दगड मामा कोरडा बघत नसत. आधी अंगठा जिभेला लावायचा, मग तो दगडावरून एकदाच फिरवायचा आणि दगड उजेडाकडे धरायचा. करड्या, मुक्या दगडाला तेवढ्या ओल्या पट्ट्यात जाग यायची. आत हिरवट काही, पांढरं काही, चमकणारं काही दिसायला लागायचं. मग मामा समोरच्याला विचारायचे, "असतं समदीकडं. गोळा कुनी केलं, ते सांगा."

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मला वेडगळ वाटला होता. पुढे पुण्याला जाऊन दोन वर्षं जाडजूड पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, की खनिजांच्या साठ्यांचं सगळं शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरतं. लोखंड, तांबं, अगदी सोनंसुद्धा साध्या दगडात कणाकणानं असतंच. तसं असून उपयोग नाही. कोणीतरी ते वेचून एका जागी आणून ठेवावं लागतं. हा वेचणारा कोण, हे शोधण्यात माणसांच्या हयाती जातात.

मामा आमच्या तालुक्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागाचे परिचर होते. खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तुम्ही एखाद्या लहान गावच्या कॉलेजात शिकला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्राध्यापक बदलतात, प्राचार्य बदलतात, आणि कुठली वस्तू कुठल्या कपाटात आहे हे फक्त या माणसाला ठाऊक असतं. त्याला आडनावानं कोणी हाक मारत नाही.

नोकरीला लागण्याआधी मामा विहिरी फोडायचे. काठावर यारी, म्हणजे दगड वर ओढायची क्रेन, लावून खाली उतरायचं, सुरुंगानंतर दगड भरून वर पाठवायचा, हे त्यांचं काम. आपल्याकडच्या काळ्या दगडात मधूनच पोकळ्या लागतात आणि त्यांत पांढऱ्या, मोरपिशी, फिकट गुलाबी स्फटिकांची आरास असते. बाकीचे गडी ते ढिगाऱ्यावर फेकायचे. मामा पटक्यात गुंडाळून घरी न्यायचे. आमच्या विभागाचे पहिले प्रमुख एकदा अशाच एका विहिरीवर दगड बघायला गेले आणि दगडांबरोबर मामांनाही कॉलेजात घेऊन आले, असं सगळे सांगत.

नोकरी लागल्यावरही मामांची सुट्टी विहिरींच्या काठावरच जायची. त्यांनी आणलेल्या नमुन्यांवर त्यांच्याच हातचे कागद चिकटवलेले असत. पुस्तकातलं नाव प्राध्यापक लिहीत. मामांचा मजकूर वेगळा असे. 'बेलापूरच्या अलीकडची विहीर. अडतीस फूट. डाव्या अंगाला, ओलीत.' हा 'ओलीत' शब्द, म्हणजे पाणी पाझरतं त्या जागी, जवळजवळ प्रत्येक कागदावर होता.

मी त्या कॉलेजात आलो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वडील दुधाचा टेम्पो चालवायचे. प्रवेशाच्या दिवशी ते मला विभागाच्या दारात सोडून घाईनं गेले, कारण कॅन उन्हात होते. मी दारातच उभा. मामांनी एक दगड माझ्या हातात दिला.

"काय दिसतंय?"

"दगड."

"बरोबर. पैला मार्क मिळाला. आता ओला करून बघ."

मी ओला केला आणि मला आत काहीतरी दिसलं. तेवढ्यावर मी तो विषय घेतला. नंतर लोकांनी कारण विचारलं की मी बरंच काही सांगायचो, पण खरं कारण एवढंच.

दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी नमुने धुण्याचा दिवस असायचा. गच्चीवर सतरंज्या अंथरायच्या, बादल्या भरायच्या, मऊ ब्रशनं एकेक दगड धुऊन रांगेनं उन्हात ठेवायचा. रांग चुकवायची नाही, कागद भिजवायचा नाही. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं त्या कामाला गेलो. अभ्यासात मी हुशार होतो. प्रत्येक खनिजाची कठिणता, रंग, सूत्र, सगळं मला तोंडपाठ होतं. माझ्या हातात एक फिकट गुलाबी, मुठीएवढा नमुना आला. कागदावर लिहिलं होतं, हॅलाइट. मी मनातल्या मनात त्याचं सूत्र म्हटलं, कठिणता अडीच म्हटलं, आणि तो नळाखाली धरून चांगला चोळला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. हॅलाइट म्हणजे मीठ. आपल्या स्वयंपाकघरात रोज विरघळतं ते. माझ्या आईला तो खडा दाखवला असता तर तिनं एकदा जीभ लावून सांगितलं असतं. मला मात्र त्याचं इंग्रजी नाव माहीत होतं, म्हणून ते मीठ आहे हे सुचलंच नाही. मी बादलीवर हात धरला होता, नळ चालू होता आणि खडा बोटांतून निसटल्यासारखा लहान होत होता. सुपारीएवढा उरला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो नमुना फार जुना होता, परराज्यातल्या खाणीतून आणलेला.

मामा आले. त्यांनी नळ बंद केला. सुपारी माझ्या हातातून घेऊन पुसली आणि मी बादली उचलायला लागलो तसे म्हणाले, "पानी फेकू नको. मीठ कुठं गेल्यालं न्हाई. फकस्त दिसत न्हाई."

प्रमुखांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "माझ्याकडून झालं, सर." प्रमुख त्यांना बरंच बोलले. मी शेजारी उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. ते मला अजून टोचतं. नंतर मी माफी मागायला गेलो तर मामा गच्चीवर होते. बादलीतलं पाणी त्यांनी पत्र्याच्या पसरट ट्रेमध्ये ओतलं होतं आणि वर फडकं बांधत होते.

"आता बघत ऱ्हा," एवढंच ते म्हणाले.

आठवडाभर मी रोज चढून बघत होतो. पाणी आटलं तसं ट्रेच्या कडेला आधी एक पांढरट, खरबरीत कडं बसलं. ते चाखलं तर बेचव. ते नळाच्या बोअरच्या पाण्यातला चुना होता. मीठ शेवटी आलं, मधोमध, आणि काय सुरेख आलं. लहान लहान चौकोनी, कापून ठेवल्यासारखे ठोकळे. एका पाण्यातून दोन वेगळे क्षार, आपापल्या जागी, आपापल्या वेळी. मामा ट्रेशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "आता सांग, गोळा कुनी केलं?"

"पाण्यानं."

"अर्धं बरोबर. पानी आलं म्हनून, आन् पानी गेलं म्हनून."

पुढे मी एम.एस्सी. केलं आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आलो. पहिल्या दिवशी मामांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसा, सर." मी म्हटलं, "मामा, मला सर नका म्हणू." ते म्हणाले, "पोरं ऐकत्यात. शिस्त मोडती." मग एकांतातही ते मला सरच म्हणत राहिले. मी शिकवत असलो की ते दाराशी उभे असत, पाठीमागे हात बांधून. नमुना लागला की मी नाव घेण्याआधी तो टेबलावर आलेला असे. वर्गात ते कधी बसले नाहीत आणि कधी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी जानेवारीत प्राचार्य मॅडमनी मला बोलावलं. विषयाला मुलं येत नव्हती. जून महिन्यात दुसऱ्या वर्षाला वीस मुलांनी भूगर्भशास्त्र घेतलं तर विषय चालू राहील, नाही तर बंद. नमुन्यांची खोली संगणकाच्या वर्गाला जाईल. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी खाली बघून सांगितलं.

मी मामांना सांगितलं. ते त्या जूनअखेर निवृत्त होणार होते. मला वाटलं, ते म्हणतील आता माझं काय. त्यांनी विचारलं, "खोली गेली तर हे दगड कुठं ठेवनार?"

"मॅडम म्हणाल्या, पोत्यांत भरून गोडाऊनला."

मामांनी खोलीभर नजर फिरवली. "पोत्यात कागद ऱ्हानार न्हाईत, सर. मंग कुठला कुठनं आला, कुनाला कळनार? ती खडीच झाली की." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

ठरलं असं, की मार्चमध्ये पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांपुढे मी एक व्याख्यान द्यायचं. मुलांना ओढून घेईल असा विषय हवा होता. मी निवडला, इतर ग्रहांवर उपयोगी खनिजांचे साठे कसे तयार होत असतील. दोन महिने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी ते मामांना सांगून बघत होतो. त्यांच्या पुढ्यात चटणी-भाकरी आणि माझ्या पुढ्यात कागद.

"चंद्रावर पानी वाहत न्हाई म्हनता. मंग गोळा कोन करतं?"

"तिथं वजनानं काम केलं असावं, मामा. चंद्र सुरुवातीला वितळलेला होता. रस थंड होताना जड खनिजं खाली बसली, हलकी वर तरंगली."

त्यांनी घास थांबवला. "गुऱ्हाळागत? कढईत मळी वर येती तशी?"

"अगदी तसं."

"आन् मंग चुलवान इझलं."

"हो."

"मंग बराय. ध्यानात आलं."

शुक्राचं त्यांना फार नवल वाटलं. तिथे इतकी उष्णता आहे की काही धातूंची वाफ होऊन उंच डोंगरांवर ती दवासारखी बसत असावी, असा एक अंदाज आहे. मामा म्हणाले, "म्हंजे सकाळी उठून डोंगर पुसून घेतला की झालं. पर आसल्या दवावर हुरडा काय चांगला येनार न्हाई." धातूंचे लघुग्रह त्यांना आवडले नाहीत. एखाद्या मोठ्या गोळ्याच्या पोटात लोखंड जमलं आणि पुढे टक्कर होऊन वरचं कवच उडालं, हे ऐकून म्हणाले, "आयतं हाय. त्यात शिकन्यासारखं काय?"

मंगळावर मात्र त्यांचा जीव बसला. तिथे आपल्यासारखाच काळा दगड आहे, एकेकाळी पाणी होतं, ज्वालामुखी होते, मोठे दगड येऊन आदळत होते, त्या खड्ड्यांखाली पाणी तापून फटींतून हिंडत असणार, हे मी सांगितलं तेव्हा ते सरसावून बसले.

"आपल्यागतच काळा? भोकाभोकाचा?"

"हो."

"मंग आत आरास असनार. तापल्यालं पानी भोकात शिरलं की भोक रिकामं सोडत न्हाई. विहीर घेतली का तिथं कुनी?"

"यंत्रानं बोटभर भोक पाडलंय."

"बोटभर भोकात काय दिसतंय? मानूस उतराय पायजे." थोडं थांबून म्हणाले, "यारी न्यावी लागंल मातुर."

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी चांगली तयारी केली होती, आणि तेच नडलं. पडद्यावर आकृत्या येत होत्या, मी मोठमोठे शब्द वापरत होतो आणि विसाव्या मिनिटाला निम्मी मुलं मोबाईलमध्ये होती. मागून एक मुलगा उठला. "सर, मंगळावरचं आणायला परवडणार नाही. मग आम्ही ते इथं बसून कशाला शिकायचं?" हशा झाला. प्रश्न खोडसाळ नव्हता. मी दाराकडे बघितलं. मामा तिथं नव्हते.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याचे दोन ट्रे होते. पंधरा दिवस त्यांनी गच्चीवर बोअरच्या पाण्यात खडेमीठ घालून वाळवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. ते सरळ पहिल्या बाकापाशी गेले.

"सर, जरा बोलू का?"

मी मान हलवली.

"पोरांनो, हे तळं हाय. आटल्यालं. कडंला बसलंय ते चाखा, आन् मदी बसलंय ते चाखा. भ्या वाटत आसल तर मी आधी चाखतो." त्यांनी चाखलं. मग पोरं उठली. बघता बघता ट्रेभोवती गर्दी झाली.

"कडेचं बेचव आहे, मामा."

"मधलं खारट आहे."

"आता ऐका. मंगळावर अशी आटल्याली तळी हाईत म्हनं, लई मोठाली. आकाशातनं फोटू काढलाय. फोटूत चव कळत न्हाई. मीठ पायजे आसल तर यंत्र कुठं उतरवायचं?"

पाठीमागून एका मुलीचा आवाज आला, "मध्ये. सगळ्यात खोल असेल तिथे. पाणी शेवटी तिथेच उरलं असणार."

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे. "हे आनायचं न्हाई, बाबा. हे कळाय पायजे. इथं कळलं तर तिथं कळतं, आन् तिथं कळलं तर इथलं पन जास्त कळतं. मी शिपाई मानूस, मला एवढंच म्हाईत." ट्रे उचलून ते निघून गेले. उरलेली वीस मिनिटं मी पडदा बंद करून बोललो.

जूनमध्ये अर्ज भरून झाले तेव्हा एकोणीस नावं होती. मी तीनदा मोजली. दुसऱ्या दिवशी शेवटची मुदत. मामांनी यादी घेतली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "यंत्र मदी उतरवा म्हनली ती पोरगी न्हाई यात."

तिनं रसायनशास्त्र भरलं होतं. मी चौकशी केली तर मैत्रिणींनी सांगितलं, तिला भूगर्भशास्त्रच हवं होतं, वडील नको म्हणाले. मामा माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. शिंगणापूरच्या रस्त्यानं पुढे जाऊन आत वळलं की तिचं गाव. वडील गोठ्यात होते. आम्हाला बघून हात धुऊन आले, बाज टाकली, चहा सांगितला. मुलगी दारात उभी राहिली.

"केमिस्ट्री घेतली तर कंपनीत तरी लागंल," वडील म्हणाले. "दगडं शिकून काय करनार? खडी मोजनार?"

मला वाटलं, मामा आता विषयाचे फायदे सांगतील. ते म्हणाले, "नोकरीचं मी काय सांगू शकत न्हाई, पाव्हनं. खोटं कशाला बोलू? पर तुमच्या पोरीला न सांगता दिसतं. लई कमी जनांना दिसतं."

"आण्णा, मला ते तळ्याचं शिकायचंय," मुलगी दारातूनच म्हणाली.

वडिलांनी चहाचे कप आमच्यापुढे सरकवले. मग मामांना म्हणाले, "तुमी हाय का तिथं? तुमी असताल तर इचार करतो."

मामांना नुसतं 'हाय' म्हणता आलं असतं. महिनाअखेरपर्यंत ते खरंही होतं. 

"न्हाई," मामा म्हणाले. "तीस तारखेला रिटायर हुतोय."

"मंग कोन बघनार पोरीला?"

"हे हाईत की."

वडिलांनी मला खालीवर न्याहाळलं. "हे तासावरचं सर ना? पुढल्या साली असत्याल का नसत्याल."

ते खरंच होतं. 

मामा बाजेवर पुढे सरकले. "पाव्हनं, हे पोरगं माझ्या हाताखाली तयार झालंय. आलं तवा इतकं शानं हुतं की मीठ नळाखाली धरून धुतलं यानं. आख्खा खडा गेला. आन् मंग आठ दिवस रोज गच्चीवर चढून बघत हुतं, परत येतंय का. दुसरं कोन आलं नसतं. तासावर आसू दे न्हाईतर कशावर. तुमची पोरगी याच्याकडं द्या. माझ्या शब्दावर द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी कधी, मी यांना शिकवलं, असं म्हटलं नव्हतं. मी बघत होतो हेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तोवर वडील हसायला लागले होते.

"मीठ धुतलं?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"नळाखाली?"

"हो."

ते डोळे पुसत हसले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "उद्या जा आन् फॉर्म बदलून ये. यांच्याकडं शिक. पर आंघोळीला जाताना मिठाची बरनी लांब ठिवा म्हनावं सरांना."

विषय चालू राहिला. खोलीही राहिली. मामांनी निरोप समारंभाला नाही म्हटलं. शाल-श्रीफळ घेऊन एसटीत बसायला लाज वाटते, म्हणाले. तीस तारखेला ते रोजच्या वेळी आले, कपाटं पुसली, पाणी भरलं; त्या दिवशी त्यांना बारापर्यंतच थांबायचं होतं. अकराला माझा दुसऱ्या वर्षाचा तास होता. मी हजेरी घेतली, वीसही हजर होते. फळ्याकडे वळून पुन्हा वर्गाकडे बघितलं तर मामा शेवटच्या बाकावर बसलेले. मांडीवर वही, हातात खिशातलं पेन. मुलांनी मागे वळून बघितलं आणि शहाणपणानं पुन्हा पुढे बघितलं.

मी धातू गोळा होण्याचे प्रकार शिकवत होतो. गरम पाण्याचं सांगितलं, वजनानं खाली बसण्याचं सांगितलं. मामा लिहून घेत होते. एकदा मी आकृती लवकर पुसायला गेलो तर त्यांनी नुसता हात वर केला. मी थांबलो. त्यांची आकृती पूर्ण झाल्यावर पुसली.

घंटा झाली, मुलं उठली, बाकांचा आवाज झाला. गर्दी दारातून बाहेर पडल्यावर मी बघितलं तर शेवटचा बाक रिकामा होता. त्यांच्या गावाची एसटी सव्वाबाराला सुटते.